महादेव विश्वनाथ धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७, कोल्हापूर – १ जून १९४४, मुंबई) हे मराठी चित्रकार व कलाशिक्षक होते. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेशी (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक आणि अखेरीस संचालक अशा नात्यांनी त्यांचा १८९० ते १९३१ असा एक्केचाळीस वर्षांचा संबंध होता. तैलरंग, जलरंग व पेन्सिल या तिन्ही माध्यमांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. पौराणिक व ऐतिहासिक रचनाचित्रे, व्यक्तिचित्रे, पुस्तकांतील चित्रे, शिळाप्रेसवर छापलेली देवादिकांची चित्रे, विनोदी पोस्टकार्डे आणि जाहिरातीची भित्तिपत्रके असा त्यांच्या कामाचा विस्तार आहे. मराठी घरातील स्त्री आणि समुद्रकाठच्या मुंबईतील माणसे हे त्यांच्या रेखाटनांचे दोन अखंड स्रोत होत. चित्रकार अंबिका धुरंधर या त्यांच्या कन्या होत.

बालपण व शिक्षण

धुरंधरांचा जन्म कोल्हापूर येथे पाठारे प्रभू ज्ञातीतील कुटुंबात झाला. ही ज्ञाती मूळची मुंबई व तिच्या आसपासच्या किनारपट्टीशी निगडित असली, तरी धुरंधरांचे बालपण मात्र समुद्रापासून दूर, संस्थानी राजधानीत गेले. त्यांचे शालेय शिक्षणही तेथेच झाले. मिरवणुका, दरबारी पोशाख, अंबाबाईच्या देवळातील वर्दळ आणि पंचगंगेचे घाट हे तेव्हाच्या कोल्हापुरातील नित्याचे दृश्य होते. गर्दीचे दृश्य रचण्याचा जो हातखंडा त्यांच्या पुढील चित्रांत दिसतो, त्याची पार्श्वभूमी या शहरात शोधता येते. कोल्हापूरचेच ज्येष्ठ चित्रकार आबालाल रहिमान हे धुरंधरांच्या आधी मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले होते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेता येते आणि त्यावर आयुष्य उभारता येते, याचे उदाहरण कोल्हापुरातील तरुणांसमोर त्यामुळे होतेच.

१८९० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, धुरंधर मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे प्राचार्य तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे कलाशिक्षक म्हणून ग्रिफिथ्स यांचे नाव प्रसिद्ध आहे. समोरच्या वस्तूचे अचूक निरीक्षण, शरीररचनेचा अभ्यास, छायाप्रकाशाची समज आणि रेषेवरील हुकमत यांवर शाळेच्या शिक्षणक्रमात भर होता. धुरंधरांनी ही शिस्त इतकी आत्मसात केली की पुढे ती त्यांच्या स्वभावाचाच भाग बनली.

पहिले यश

बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ मध्ये झाली. आरंभीच्या काळात या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनांवर युरोपीय चित्रकारांचा, त्यांतही हौशी अधिकारी मंडळींचा, वरचष्मा होता. अशा प्रदर्शनांत विद्यार्थिदशेपासूनच धुरंधरांच्या चित्रांना पारितोषिके मिळू लागली आणि १८९५ मध्ये सोसायटीच्या सुवर्णपदकाचे ते मानकरी ठरले. त्यांची या काळातील कीर्ती ज्या चित्रांवर उभी राहिली, त्यांत लक्ष्मीला तू आलीस का असे विचारणाऱ्या इंग्रजी शीर्षकाचे घरगुती प्रसंगाचे चित्र विशेष गाजले. राजा रविवर्म्यांच्या प्रभावामुळे त्या काळी पुराणकथांतील नायिका हा मानाचा विषय मानला जाई. अशा वेळी एका नवोदित चित्रकाराने मराठी घराच्या उंबरठ्याआतील प्रसंग प्रदर्शनात मांडावा आणि तो वाखाणला जावा, ही गोष्ट पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

धुरंधरांवर रविवर्म्यांचा प्रभाव होता व तो त्यांच्या पौराणिक चित्रांत स्पष्ट दिसतो. तथापि दोघांच्या स्त्रीचित्रणात फरक आहे. रविवर्म्यांची नायिका बहुधा प्रेक्षकासाठी उभी राहिलेली असते. धुरंधरांची स्त्री बहुतेक वेळा कोणत्या तरी कामात असते. ती पूजा करते, मुलाला सांभाळते, बाजारातून येते किंवा दारात उभी राहून कुणाशी तरी बोलते.

१८९६ मध्ये कलाशाळेत अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. नोकरी मिळाली, नाव झाले आणि संसाराची घडी बसली, असे वाटावे असा तो काळ होता.

प्लेगचा आघात

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवी भागात, प्लेगचा उद्भव झाला. पुढील काही महिन्यांत लोकांनी शहर सोडून गावोगावी धाव घेतली. घरांची झडती, रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेणे आणि सामान जाळणे यांमुळे ज्यांच्या घरात रोग शिरला नव्हता तेथेही भीतीने ठाण मांडले. १८९७ मध्ये धुरंधरांची पत्नी बापूबाई प्लेगला बळी पडली. धुरंधर तेव्हा तीस वर्षांचे होते.

प्लेगने त्या काळी मुंबई व पुण्यातील असंख्य घरांची हीच गत केली. ज्या घरात कुणीच गेले नाही असे घर विरळा होते. त्यामुळे या मृत्यूकडे केवळ एका कलावंताचे खासगी दुःख म्हणून पाहता येत नाही. पुढे धुरंधरांचा दुसरा विवाह गंगूबाई यांच्याशी झाला व संसार पुन्हा उभा राहिला. घरातील साध्या क्षणांची त्यांनी पुढील चार दशके जी अखंड नोंद ठेवली, ती पाहताना मागे घडून गेलेला हा मृत्यू विसरता येत नाही. कागदावर राहिले तेवढेच टिकते, हा धडा त्या वर्षांनी त्या पिढीला दिला होता.

घर हीच चित्रशाळा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी चित्रकारापुढे एक मोठी अडचण होती. वास्तववादी चित्रणासाठी समोर जिवंत व्यक्ती बसवावी लागे आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया परपुरुषापुढे चित्रासाठी बसत नसत. पुरुषांची व्यक्तिचित्रे, निसर्गदृश्ये व वस्तुचित्रे यांना काही आडकाठी नव्हती. परंतु नऊवारी नेसलेली गृहिणी कशी वाकते, पदर कसा सावरते, पाटावर कशी बसते, हे पाहून काढायचे तर चित्रकाराला आपल्या घराशिवाय दुसरी जागा नव्हती.

धुरंधरांनी ही अडचण आपल्या पद्धतीने सोडविली. घरात जे घडत असेल ते जवळच्या कागदावर टिपण्याची त्यांची सवय होती. गंगूबाईंची त्यांनी वर्षानुवर्षे असंख्य रेखाटने केली. तरुण पत्नीपासून प्रौढ गृहिणीपर्यंतचा एका स्त्रीचा प्रवास त्यांत उमटला आहे. पत्नी व कला यांचा उल्लेख असलेल्या इंग्रजी नावाने ही रेखाटने एकत्र ओळखली जातात. चित्रावर सही करून वर्ष घालण्याच्या सवयीमुळे त्यांच्या कामाला रोजनिशीचे रूप आले आहे.

या रेखाटनांचे मोल दुहेरी आहे. एक तर ती स्वतंत्र चित्रे म्हणून उभी राहतात. दुसरे म्हणजे ती मोठ्या रचनाचित्रांची शिदोरी होती. घरातील रेखाटनातून सापडलेला मानेचा झोक किंवा हाताची ठेवण पुराणातील राणीच्या, गावातील पाणक्याच्या बायकोच्या किंवा मिरवणूक पाहणाऱ्या स्त्रीच्या अंगी सहज उतरू शके. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या, ओचा, कासोटा आणि पदर यांचे बारकावे धुरंधरांइतक्या खात्रीने फार थोड्या चित्रकारांनी काढले. शरीर वळले की वस्त्राची घडी कोठे ताणते आणि कोठे सैल पडते, हे त्यांना तोंडपाठ होते. कुणासही समोर न बसविता केवळ स्मरणातून पन्नास माणसांची गर्दी रचण्याचे त्यांचे जे कसब नावाजले गेले, त्याचे रहस्य या घरच्या अभ्यासात आहे.

सणवार, व्रतवैकल्ये, लग्नविधी, हळदीकुंकू हे विषय त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. या प्रसंगांची मांडणी करताना ते भांड्यांचे आकार, दागिन्यांचे प्रकार आणि बसण्याची पद्धत यांत चूक होऊ देत नसत. त्यामुळे पाठारे प्रभू समाजाच्या व एकूणच मुंबईतील मराठी मध्यमवर्गाच्या गृहजीवनाचे साधन म्हणून आज ही चित्रे अभ्यासली जातात.

समुद्रकाठची मुंबई

घराइतकाच दुसरा स्रोत होता तो घराबाहेरच्या शहराचा. देशावरून आलेल्या माणसाला मुंबईत प्रथम जाणवते ती समुद्रावरून येणारी दमट हवा आणि तिच्यामुळे मऊ झालेला प्रकाश. जलरंगात काम करणाऱ्याला हा प्रकाश काही शिकवून जातो. कोल्हापूरच्या कोरड्या उन्हात वस्तूची कड ठसठशीत दिसते. किनाऱ्यावर तीच कड हवेत विरघळते. धुरंधरांच्या जलरंगातील पातळ, ओलसर थर आणि आकृतीच्या मागे सैल सोडलेली पार्श्वभूमी या हवेशी सुसंगत आहेत.

मुंबईच्या बेटांवरील मूळ रहिवाशांत कोळी व भंडारी यांची गणना होते. बंदरामुळे पुढे गुजराती, पारशी, बोहरी, कोकणी मुसलमान, गोमंतकीय ख्रिस्ती, अरब, हबशी अशा अनेक समाजांची येथे वस्ती झाली. प्रत्येकाची पागोटी, टोप्या, लुगडी आणि चालण्याच्या ढबी वेगळ्या होत्या. धुरंधरांनी ही माणसे रस्त्यावर, बाजारात व किनाऱ्यावर पाहून टिपली. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन झपझप चालणारी कोळीण त्यांच्या रेखाटनांत आढळते. पोटरीच्या वर खोचलेले तिचे घट्ट लुगडे आणि माजघरातील प्रभू स्त्रीचे घोळदार लुगडे ही एकाच वस्त्राची दोन रूपे आहेत. एकाचा संबंध ओल्या वाळूतील कष्टांशी, तर दुसऱ्याचा घरातील वावराशी आहे. हा भेद धुरंधरांनी नेमका पकडला. कष्टकरी स्त्रीच्या चित्रणात त्यांनी दयेचा सूर लावला नाही. त्यांच्या कोळणी, मोलकरणी व भाजीवाल्या ठसक्याने उभ्या राहतात.

एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील १९१२ मधील इंग्रजी पुस्तकासाठी धुरंधरांनी चित्रे काढली. एडवर्ड्स हे तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त होते. शहरातील मोहरम, फेरीवाले, फकीर व किनाऱ्यावरील समाज यांच्याविषयीचे हे लेखन धुरंधरांच्या निरीक्षणास पोषक होते.

पुस्तके, शिळाप्रेस व पोस्टकार्डे

सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांनी मराठी घरांत सांगितल्या जाणाऱ्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची आहेत. श्रावणात देव्हाऱ्यापुढे आजीने नातवंडांना सांगाव्यात अशा या कथा होत्या. त्यांतील राजा, गरीब ब्राह्मण, नावडती राणी यांना धुरंधरांनी मराठी घरातील माणसांचेच चेहरे दिले. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील व ज्ञातींतील स्त्रियांची रंगीत चित्रे तयार केली. ज्ञातीनुसार माणसांचे नमुने मांडण्याच्या वसाहतकालीन दृष्टीचा हा ग्रंथ आहे, असा आक्षेप आजचे अभ्यासक घेतात. तो रास्तही आहे. मात्र धुरंधरांच्या चित्रांतील बहुतेक स्त्रिया नमुना म्हणून उभ्या असूनही व्यक्ती म्हणून लक्षात राहतात.

रविवर्मा छापखान्यासाठी व अन्य मुद्रकांसाठी त्यांनी देवदेवतांची व पौराणिक प्रसंगांची चित्रे केली. शिळाप्रेसवर छापलेली अशी चित्रे व दिनदर्शिका यांनी चित्रकला प्रदर्शनाच्या दालनातून काढून सामान्यांच्या भिंतीवर आणली. समुद्र कधीही न पाहिलेल्या देशावरील वाचकश्रोत्यांना या चित्रांतील कथा नव्याने समजावून सांगाव्या लागत नसत. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या, श्रीधराच्या पोथ्या आणि गावोगावची कीर्तने यांतून बारामती-इंदापूरपासून कोकणापर्यंत महाभारत-रामायणातील प्रसंग घराघरांत मुखोद्गत झाले होते. कानांनी ओळखीची असलेली पात्रे या छापील चित्रांमुळे डोळ्यांना दिसू लागली, आणि ती मराठी वळणाची दिसली, यात धुरंधरांचा वाटा मोठा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांची लाट आली, तेव्हा त्यांनी मुंबईतील जीवनावर विनोदी पोस्टकार्डे काढली. त्यांतील नखरेल मोलकरणीचे कार्ड आजही संग्राहकांच्या पसंतीचे आहे. रेल्वे कंपन्यांसाठी त्यांनी भित्तिपत्रकेही तयार केली. प्रदर्शनातील सुवर्णपदकाचा मानकरी दोन पैशांच्या कार्डासाठीही तेवढ्याच निष्ठेने रेषा काढीत असे. उच्च कला व बाजारी काम असा भेद त्यांनी हातात पेन्सिल असताना मानला नाही.

ऐतिहासिक व सार्वजनिक चित्रे

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते व मराठी चित्रकारांचे आश्रयदातेही होते. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचा समावेश आहे. त्यांचे शिवराज्याभिषेकाचे चित्र महाराष्ट्रात विशेष परिचित झाले. सिंहासन, छत्र, दरबारी मंडळी, परदेशी वकील आणि मंत्रघोष करणारे ब्राह्मण अशी दाट रचना असूनही त्यात प्रत्येक आकृतीला स्वतःची जागा आहे. पाठ्यपुस्तके व दिनदर्शिकांतून असंख्य मराठी मुलांनी रायगडावरील हा प्रसंग प्रथम अशाच चित्रांच्या रूपाने पाहिला.

नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीसाठी विसाव्या दशकाच्या अखेरीस देशातील कलाशाळांच्या चित्रकारांना पाचारण करण्यात आले. विधी खात्याच्या सदस्याच्या दालनातील चित्रांचे काम धुरंधरांकडे आले. कायद्यासारख्या रुक्ष विषयातही त्यांनी माणसांचे प्रसंग शोधले. त्यांपैकी एक विषय स्त्रीधनाचा होता. घरातील स्त्रीच्या हक्काची हीच एक बाब साम्राज्याच्या नव्या राजधानीच्या भिंतीवर मराठी चित्रकाराच्या हातून रंगली.

अध्यापन व संचालकपद

धुरंधरांनी कलाशाळेत अनेक इंग्रज प्राचार्यांच्या हाताखाली काम केले. ग्रिफिथ्सनंतर आलेल्या सेसिल बर्न्स यांच्या दीर्घ कारकिर्दीत, आणि त्यानंतर १९१९ पासून ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, शिक्षणक्रमाची दिशा अनेकदा बदलली. सॉलोमन यांनी नग्न मानवाकृतीवरून अभ्यासाचा व भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू केला. याच सुमारास बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व त्यांच्या अनुयायांची चळवळ जोमात होती. पाश्चात्त्य वास्तववाद म्हणजे परकीय दास्य, अशी टीका मुंबईच्या चित्रकारांवर होऊ लागली होती.

या वादात धुरंधरांनी सिद्धान्त मांडण्याच्या भानगडीत न पडता आपले काम चालू ठेवले. तंत्र परकीय, तरी आशय आपला, हे त्यांच्या चित्रांतूनच दिसत होते. माजघरातील वस्तूंची व माणसांची बारीक ओळख कोणत्याही शाळेतून उसनी आणता येत नाही. विद्यार्थ्यांसही त्यांनी निरीक्षणाची आणि रोजच्या सरावाची शिस्त लावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबई परंपरेतील अनेक चित्रकार त्यांच्या हाताखालून गेले.

१९३० मध्ये धुरंधर कलाशाळेचे संचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. सुवर्णपदक मिळाल्यानंतर पस्तीस वर्षांनी, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरले असताना, हा मान त्यांच्याकडे आला. दोन पिढ्यांना घडविणाऱ्या शिक्षकाला सर्वोच्च खुर्ची आयुष्याच्या संध्याकाळी व अल्पकाळच मिळावी, यातून त्या काळच्या सरकारी कलाशिक्षणातील एतद्देशीयांचे स्थान कळून येते. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताबही दिला होता. १९३१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

अंबिका धुरंधर

धुरंधरांच्या घरगुती चित्रशाळेचा सर्वांत मोठा वारसा म्हणजे त्यांच्या कन्या अंबिका (१९१२–२००९). वडिलांच्या रेखाटनांचा विषय असलेली ही मुलगी पुढे स्वतः चित्रकार झाली. घरात वडिलांच्या हाताखाली शिकल्यानंतर तिने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि १९३१ मध्ये तेथील पदविका मिळविली. वडील ज्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, त्याच वर्षी मुलगी तेथून चित्रकार म्हणून बाहेर पडली. कलाशाळेचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. गोमंतकीय चित्रकार अँटोनियो त्रिंदाद यांची कन्या अँजेला त्रिंदाद ही तिची समकालीन होय. या दोन्ही घरांत पित्याची चित्रशाळा मुलीसाठी खुली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रतिष्ठित घरांतील स्त्रीने चित्रासाठी समोर बसण्यासही ज्या समाजात संकोच होता, त्याच समाजातील घरातून एका पिढीत स्त्रीच्या हाती कुंचला आला.

अंबिकाबाईंनी पौराणिक व ऐतिहासिक रचनाचित्रे तसेच व्यक्तिचित्रे काढली. वडिलांबरोबर त्यांनी संस्थानांतील चित्रसंग्रहांना भेटी दिल्या. त्या अविवाहित राहिल्या आणि वडिलांच्या निधनानंतर सहा दशकांहून अधिक काळ त्यांनी त्यांच्या चित्रांचा सांभाळ केला. त्यांच्या आठवणी ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने ग्रंथरूपात आल्या असून धुरंधरांच्या घरातील वातावरण समजून घेण्यास हा ग्रंथ उपयुक्त आहे.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतरही धुरंधरांचे चित्रकाम थांबले नाही. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य मुंबईच्या खार उपनगरात होते. त्यांच्या तेथील बंगल्याचे नाव ‘अंबासदन’ असे होते. खारच्या पश्चिमेस दांडा हा कोळीवाडा व त्यापलीकडे अरबी समुद्र आहे. तरुणपणी दाट वस्तीच्या मुंबईत राहून त्यांनी पाहिलेले किनाऱ्यावरील जीवन या उपनगरात पुन्हा त्यांच्या शेजारी आले.

१९४० मध्ये ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठीतील चित्रकारांच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान अग्रभागी आहे. कलाशाळेतील शिक्षक, सहाध्यायी, प्रदर्शने, प्राचार्यांच्या मर्जी-नामर्जी व बदलती धोरणे यांची त्यात साध्या भाषेत नोंद आहे. मुंबईच्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

निधनानंतरच्या काही दशकांत धुरंधरांचे नाव मागे पडले. स्वातंत्र्याच्या सुमारास पुढे आलेल्या आधुनिक चित्रकारांना कलाशाळेची वास्तववादी शिस्त जुनाट वाटू लागली. पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे व दिनदर्शिका यांना समीक्षकांनी चित्रकलेच्या इतिहासात दुय्यम जागा दिली. धुरंधरांच्या कामाचा मोठा भाग नेमका याच प्रकारचा असल्याने त्यांचे मोजमापही अपुरे झाले. त्यांच्या पौराणिक चित्रांतील भावुकता व नाट्यमयता आज काहीशी जुनी वाटते, हेही मान्य करावे लागते.

अलीकडील काळात या मतात बदल होत आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात भव्य तैलचित्रांच्या जोडीला छोटी रेखाटने व पोस्टकार्डेही मांडली होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही त्यांची चित्रे आहेत. वेशभूषा, स्त्रीजीवन, शहरेतिहास व मुद्रणेतिहास या विषयांचे अभ्यासक आता त्यांच्या रेखाटनांकडे साधन म्हणून वळतात.

धुरंधरांच्या पिढीतील बहुतेक मराठी गृहिणींची एकही प्रतिमा मागे राहिलेली नाही. त्यांचे छायाचित्र निघाले असलेच, तर ते लग्नसमारंभातील किंवा नवऱ्याच्या खुर्चीमागे ताठ उभ्या असलेल्या अवस्थेतील असते. काम करताना, दमून टेकलेली, मुलाला थोपटणारी किंवा आपल्याच विचारात हरवलेली अशी त्या काळची स्त्री पाहावयाची असेल, तर गंगूबाईंच्या रेखाटनांकडे यावे लागते. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळणीची नोंद सरकारी दप्तरांत केवळ ज्ञातीच्या नावाने झाली आहे. धुरंधरांच्या कागदावर तिला चाल व नजर आहे. मराठी चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान ठरविताना सुवर्णपदके आणि संचालकपद यांच्या आधी या कागदांचा विचार करावा लागेल.